तेच कोडं पुन्हा

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा ताईच्या कपाटात मला एक जाड पुस्तक सापडलं. अमेरिकेत कायद्याच्या शिक्षणाला प्रवेश घेण्यासाठी 'एलसॅट' नावाची परीक्षा असते, तिच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचं ते पुस्तक होतं. ताईनं २०२४ मध्ये बारावीनंतर आपल्याकडच्या कायद्याच्या प्रवेश परीक्षा दिल्या. तेव्हा 'एलसॅट-इंडिया' नावाची एक परीक्षाही होती आणि तिच्यात तर्ककोड्यांचा एक भाग असायचा. ती परीक्षा आता बंद झाली आहे. ताई कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुस्तक धूळ खात पडलं होतं. मी ते माझ्या ट्रंकेत टाकलं.

कॅडेटला वकिलांच्या परीक्षेशी काय देणंघेणं, असं आमच्या डॉर्ममध्ये बऱ्याच जणांनी विचारलं. एक कारण सगळ्यांच्या कामाचं आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत तर्काचा वेगळा पेपर नसतो, पण एसएसबीला गेलं की पहिल्याच दिवशी ओ.आय.आर. चाचणी असते आणि तिच्यात शाब्दिक-अशाब्दिक तर्काचेच प्रश्न असतात. दुसरं कारण माझ्यापुरतं आहे. सैन्यात 'जॅग' म्हणजे जज ॲडव्होकेट जनरल ही शाखा आहे. तिथे जायला आधी कायद्याची पदवी लागते, तीही किमान ५५ टक्के गुणांची, आणि नंतर एसएसबी चुकत नाहीच. मला तिकडे जावंसं वाटतं. घरी हे अजून नीट बोललेलो नाही, पण हा अंक घरी जातोच.

आता मूळ विषयाकडे येतो. एलसॅटच्या त्या भागात ३५ मिनिटांत चार कोडी असायची आणि त्यांवर मिळून साधारण २२ ते २४ प्रश्न. म्हणजे एका कोड्याला पावणेनऊ मिनिटं. प्रत्येक कोड्यात काही माणसं, काही जागा आणि चार-पाच नियम. कोणाला कुठे बसवायचं हे नियमांवरून ठरवायचं. बाहेरचं ज्ञान काहीच लागत नाही. वाचताना वाटतं, हे तर सहावीतला मुलगाही करेल. मला पहिलं कोडं सोडवायला २२ मिनिटं लागली आणि सहापैकी दोन उत्तरं बरोबर आली. गणितात मी बरा आहे, हाऊसच्या क्विझ टीममध्ये आहे, म्हणून ते पान मी कोणाला दाखवलं नाही.

पुस्तकातलं कोडं इथे देता येणार नाही, म्हणून तसंच एक मी तयार केलं आहे. हातात पेन्सिल घेऊन वाचलंत तर बरं.

सोमवार ते शनिवार अशा सहा रात्रींची गार्ड ड्यूटी लावायची आहे. कॅडेट सहा आहेत: अमोल, बलबीर, चेतन, दीपक, इम्रान आणि फ्रान्सिस. प्रत्येकाला एकच रात्र. नियम असे:

१. चेतनची ड्यूटी बलबीरच्या लगेच दुसऱ्या रात्री.
२. अमोलची ड्यूटी बलबीरच्या आधी कधीतरी.
३. इम्रान बुधवारी किंवा शनिवारी.
४. फ्रान्सिस सोमवारी नाही.
५. दीपक सोमवारी असेल तर इम्रान शनिवारी.

प्रश्न: फ्रान्सिसची ड्यूटी गुरुवारी असेल, तर सोमवारी कोण?

माझी सुरुवातीची पद्धत अशी होती. नियम एकदा भराभर वाचायचे, लगेच प्रश्नाकडे जायचं, एक यादी अंदाजानं लिहायची, नियम मोडला की खोडायची, दुसरी लिहायची. सहा माणसांच्या ७२० याद्या होऊ शकतात. त्यांतली कुठली चालते हे नशिबावर सोडलं की २२ मिनिटं लागणारच. शिवाय पुढच्या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून खोडाखोड.

ही चूक कुठे आहे ते मला पुस्तकातून कळलं नाही, बाबांकडून कळलं. बाबा फौजेत सीएचएम होते, कंपनीची ड्यूटी लिस्ट लावणं हे त्यांचं रोजचं काम. एका रविवारी फोनवर मी त्यांना वरचं कोडं वाचून दाखवलं. त्यांनी प्रश्न ऐकायच्या आधीच विचारलं, "यात सगळ्यात अडलेला कोण?" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाले, "अरे, कोणी सुट्टीवर जाणार असतो, कोणी सिक रिपोर्टवरून परत आलेला असतो. ज्याला दोनच रात्री चालतात त्याला आधी बसवायचं. ज्याला कुठलीही रात्र चालते त्याची काळजी शेवटी."

यात सगळ्यात अडलेला इम्रान आहे. त्याला दोनच रात्री आहेत. म्हणून कागदावर सहा चौकोनांच्या दोन ओळी काढायच्या. पहिल्या ओळीत इम्रान बुधवारी, दुसरीत शनिवारी. बस्स, अर्धं काम झालं. बलबीर आणि चेतन हे एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणून ते दोन नसून 'बच' असा एकच ठोकळा समजायचा.

त्यानंतर सोमवार बघू. चेतन सोमवारी येऊ शकत नाही, कारण त्याच्या आधी बलबीर हवा. बलबीरही नाही, कारण त्याच्या आधी अमोल हवा. इम्रान बुधवार-शनिवारवाला. फ्रान्सिसला मनाई आहे. उरले अमोल आणि दीपक. हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, पण पाच नियमांत मिळून ते लपलेलं आहे. आता पहिल्या ओळीत इम्रान बुधवारी, म्हणजे शनिवारी नाही. मग पाचव्या नियमाप्रमाणे दीपक सोमवारी असूच शकत नाही, कारण तो असता तर इम्रानला शनिवारी जावं लागलं असतं. म्हणून पहिल्या ओळीत सोमवारी अमोलच. आणि ठोकळ्याला जागा उरते गुरुवार-शुक्रवार किंवा शुक्रवार-शनिवार. दीपक आणि फ्रान्सिस उरलेल्या दोन रात्रींत कसेही. म्हणजे पहिल्या ओळीत फक्त चार याद्या. दुसऱ्या ओळीत नऊ निघतात, ते तुम्ही मोजून बघा. ७२० मधून १३ वर आलो आणि अजून एकही प्रश्न वाचलेला नाही.

आता प्रश्न वाचा. फ्रान्सिस गुरुवारी. पहिल्या ओळीत ठोकळा शुक्रवार-शनिवारला ढकलला जातो, दीपक मंगळवारी: अ द इ फ ब च. दुसऱ्या ओळीत ठोकळ्याला मंगळवार-बुधवार सोडून जागाच नाही: अ ब च फ द इ. दोन्हीकडे सोमवारी अमोल. उत्तर मिळालं, अर्ध्या मिनिटात.

माझ्या मते या सगळ्या प्रकारात शिकण्यासारखी गोष्ट ही आहे की प्रश्नाकडे धावायचं नाही. घड्याळ चालू असताना नियमांवर दोन-तीन मिनिटं घालवायला हिंमत लागते. शेजारचा पान उलटत असतो आणि आपण अजून चौकोन काढत असतो. पण ती मिनिटं वाया जात नाहीत, पुढे प्रत्येक प्रश्नात थोडी थोडी परत मिळतात.

प्रश्नांचा क्रमही आपण ठरवायचा, छापणाऱ्यानं नाही. "अमुक झालं तर" असे प्रश्न आधी करायचे आणि "कोण कोण असू शकेल" असे मागे ठेवायचे. समजा आणखी एक प्रश्न आहे: दीपक शनिवारी असेल तर? मग इम्रान बुधवारीच, आणि सगळी यादी एका दमात लागते: अ फ इ ब च द. आता तिसरा प्रश्न आला: मंगळवारी कोण कोण असू शकेल? नव्यानं काही करू नका. आधीच्या तीन यादयांकडे बघा. मंगळवारी दीपक, बलबीर आणि फ्रान्सिस येऊन गेले आहेत. इम्रान आणि चेतन येऊ शकत नाहीत. तपासायचा राहिला एकटा अमोल: द अ ब च फ इ. चालतं. म्हणजे चौघे. ज्या याद्या आपण एका प्रश्नासाठी काढल्या, त्या पुढच्या प्रश्नात फुकट कामाला आल्या. म्हणून जुनं खोडायचं नाही. मला खोडरबर लपवून ठेवावं लागलं, इतकी सवय लागली होती.

एका जागी मात्र मी फार अडखळलो, ते म्हणजे 'तर' असलेले नियम. पाचवा नियम वाचून माझ्या डोक्यात आपोआप उलटं वाक्य तयार व्हायचं: इम्रान शनिवारी असेल तर दीपक सोमवारी. नियम असं म्हणतच नाही. पाऊस पडला तर पी.टी. रद्द होते हे आपल्याला माहीत आहे. पण पी.टी. रद्द झाली म्हणजे पाऊसच पडला असेल असं नाही, इन्स्पेक्शनही असू शकतं. खात्रीनं एवढंच म्हणता येतं की आज पी.टी. झाली, म्हणजे पाऊस नव्हता. भूमितीत प्रमेयाचा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो, तो आपोआप खरा होत नाही, तसंच हे.

याहून मोठा घोटाळा इंग्रजीतल्या 'ओन्ली इफ' आणि 'अनलेस' यांनी केला. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीत, तरी हे दोन शब्द आले की माझा बाण उलट्या दिशेला जायचा. शेवटी मी प्रत्येक नियम मनात मराठीत म्हणू लागलो आणि गाडी रुळावर आली. "चेतन आला तर बलबीर येईल" आणि "चेतन आला तरच बलबीर येईल" ही दोन वाक्यं बघा. फरक एका 'च'चा. पहिल्यात चेतन दिसला की बलबीर नक्की. दुसऱ्यात बलबीर दिसला की चेतन नक्की, पण चेतन एकटाही येऊ शकतो. बाण पूर्ण फिरला. आणि "चेतन आल्याशिवाय बलबीर येणार नाही" हे वाक्य वेगळं दिसतं, पण ते दुसऱ्या वाक्याचाच भाऊ आहे. बाण बलबीरकडून चेतनकडे. हे एकदा वहीत लिहून ठेवल्यावर माझ्या निम्म्या चुका गेल्या. ज्यांना घरी मराठी बोलता येतं त्यांनी हा फायदा जरूर घ्यावा.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, कायदा म्हणजे दुसरं काय असतं? तिनं राज्यघटनेच्या ५८ व्या कलमाचं उदाहरण दिलं. वयाची ३५ वर्षं पूर्ण केल्याशिवाय कोणी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला पात्र ठरत नाही. त्यावरून "पात्र आहे, म्हणजे ३५ पूर्ण" असं म्हणता येतं. "३५ पूर्ण, म्हणजे पात्र" असं म्हणता येत नाही, कारण बाकीच्या अटीही आहेत. बाण उलटा काढणारा वकील कोर्टात हरेल, असं ती म्हणाली.

आता सरावाबद्दल. सुरुवातीला मी रोज प्रेपनंतर नवं कोडं घ्यायचो. तीन आठवडे असं केलं. कोडी खूप झाली, वेळ मात्र पंधरा-सोळा मिनिटांच्या खाली येईना. मग ताईनं तिची पद्धत सांगितली, आणि ती मला आधी अजिबात पटली नाही. ती म्हणाली, नवं कोडं घेऊ नकोस, तेच पुन्हा सोडव.

पहिल्यांदा घड्याळ बाजूला ठेवून. अर्धा तास लागला तरी चालेल, पण एकही उत्तर अंदाजानं द्यायचं नाही. मग उत्तरं तपासण्याच्या आधी, ज्या प्रश्नांबद्दल शंका होती ते वेगळ्या रंगाच्या पेननं पुन्हा करायचे. त्यानंतरच उत्तरांचं पान उघडायचं. दुसऱ्या दिवशी तेच कोडं कोऱ्या कागदावर, या वेळी घड्याळ लावून. आठवड्यानंतर पुन्हा एकदा.

माझा शेजारी हसला. म्हणाला, उत्तरं पाठ झाल्यावर कोण सोडवणार नाही? मलाही ती लबाडीच वाटत होती. पण करून बघितल्यावर कळलं की उत्तर आठवत असलं तरी रस्ता आठवत नाही. 'अमोल' हे उत्तर माहीत होतं, पण अमोलच का, हे कागदावर दाखवताना मी पुन्हा तिथेच अडलो जिथे आदल्या दिवशी अडलो होतो. अडण्याची जागा ठरलेली असते. रोज नवं कोडं घेतलं की ती जागा दिसतच नाही, कारण नाव-गाव बदललेलं असतं. एन.सी.सी.त आपण तीच रायफल खोलतो आणि जोडतो. रोज नवी रायफल कोणी देत नाही, आणि त्याला लबाडीही म्हणत नाही.

चुकांची एक वही मी ठेवली. चूक झाली की कारण एका शब्दात लिहायचं: वाचन, विसर, बाण, घाई. मला वाटत होतं माझी अडचण अवघड तर्काची आहे. महिन्यानं वही बघितली तर सगळ्यात जास्त वेळा 'वाचन' लिहिलेलं. 'आधी' आणि 'लगेच आधी' यांत मी गल्लत करत होतो. तेव्हापासून नियम चिन्हात लिहिल्यावर तो पुन्हा मूळ वाक्याशी ताडून बघतो. सात-आठ सेकंद जातात. आता दिवाळीत फसलेलं तेच पहिलं कोडं मी साडेसात मिनिटांत करतो. खरं सांगायचं तर पूर्ण नवं कोडं अजून अकरा मिनिटं घेतं. पावणेनऊपर्यंत पोचलेलो नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. लाइट्स आऊट झाल्यावर झोप येईना, म्हणून मी एकदा अंधारात मनातल्या मनात कोडं सोडवायचा प्रयत्न केला. तीन नियम डोक्यात राहिले, चौथा आला की पहिला निसटायचा. दोन ओळी मनात उभ्या केल्या तर एकीकडे बघताना दुसरी पुसली जायची. वीस मिनिटांनी सोडून दिलं. मग सुट्टीत ताईनं मला या कोड्यांचा शेवट कसा झाला ते सांगितलं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका अंध उमेदवारानं या परीक्षेविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती. ही कोडी सोडवायला आकृती काढावी लागते आणि ज्याला दिसत नाही त्याला ती काढता येत नाही, मग ही परीक्षा बुद्धीची की डोळ्यांची, असा तो मुद्दा होता. २०१९ मध्ये तडजोड झाली, संस्थेनं चार वर्षांत पर्याय शोधायचं मान्य केलं, आणि ऑगस्ट २०२४ पासून हा भाग एलसॅटमधून गेला. १९८२ पासून तो होता.

मला आधी वाईट वाटलं, कारण मी नुकताच त्यात रमलो होतो. पण अंधारातली ती वीस मिनिटं आठवली. मी निदान सकाळी उठून कागद घेऊ शकत होतो. मला तो निर्णय बरोबर वाटतो. वकिलाला विचार करता यायला हवा, चौकोन काढता यायला हवेत असं कुठे आहे?

मग आता ही कोडी करायची कशाला, असं कोणी विचारेल. आपल्याकडची क्लॅटसुद्धा २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेली आहे. सध्या दोन तासांत १२० प्रश्न असतात, चुकीला पाव गुण जातो, आणि तर्काच्या भागात भर उतारा वाचून युक्तिवाद तपासण्यावर असतो. चौकोन काढायची वेळ तिथे क्वचितच येईल. बँकांच्या परीक्षांत मात्र बैठकव्यवस्थेची कोडी अजून भरपूर असतात. पण मी परीक्षेसाठी म्हणून आता करत नाही. 'तर' आणि 'तरच' यांचा बाण उताऱ्यातही तसाच असतो, फक्त तो चौकोनांऐवजी परिच्छेदात लपलेला असतो. आणि ओ.आय.आर.मध्ये वेळ फार कमी म्हणतात, तिथे नियम एकदाच वाचून नीट समजायची सवय असलेली बरी.

बाबांना गेल्या रविवारी मी त्याच कोड्यावरचा आणखी एक प्रश्न घातला. त्यांनी कागद न घेता दहा सेकंदांत उत्तर दिलं आणि विचारलं, "हे फौजेच्या कुठल्या परीक्षेत येतं?" मी म्हटलं, लेख छापून आला की सांगतो.

तो प्रश्न तुमच्यासाठी इथे देतो. नियम तेच पाच. बलबीरची ड्यूटी शुक्रवारी असेल, तर कोणत्या दोन कॅडेटांच्या रात्री अजून पक्क्या होत नाहीत? वेळ एक मिनिट. खोडरबर वापरायचं नाही.